शेरा

तक्त्यात सतरा रकाने आहेत.
गावाचं नाव : हैल नबग.
उंची आठशे बारा मीटर,
मशिदीच्या पायरीवर यंत्र ठेवून घेतलेली.
पायरीची झीज धरलेली नाही.

उत्तरेला काळा खडक. तो कधीकाळी समुद्राचा तळ होता
आणि भर दुपारी अजून तसाच वाटतो,
फक्त समुद्र काढून घेतलेला.
दक्षिणेला कोरडी वादी.
तिच्यात गाडी लावू नकोस, मरहून बिन सुलैयम पहिल्याच दिवशी म्हणाला,
पाऊस दुसऱ्या गावचा असतो, पूर आमचा.

रकाना चार, लोकसंख्या.
एरवी नऊ, म्हणाला. ईदेला दोनशे.
कबरीतले धरायचे का?
नको, म्हटलं.
मग गाव लहान दिसेल तुझ्या कागदावर.

रकाना सात, स्थापनेचं साल.
इथे सालांना आकडे नाहीत, नावं आहेत.
टोळांचं साल. देवीचं साल.
विमानांचं साल, तेव्हा माणसं तीन रात्री
खजुरांच्या खोडांना पाठ लावून बसली होती
आणि बुरूज अर्धा राहिला. (नकाशावर तो मी अर्धाच काढला आहे.)
लवंगांचं साल, झांझिबारहून जे परतले
त्यांच्या कपड्यांना वास होता, तोंडात स्वाहिली,
आणि एकाने आणलं होतं कोरीव दार,
ते बसेल एवढं घर त्याच्याकडे नव्हतं.
मग रस्त्याचं साल.
डांबर मऊ होतं तेव्हाच पहिला टेम्पो निघाला सोहारला,
वर गाद्या, शिलाई मशीन, एक उलटा पाळणा.
चाकांचे ठसे वळणावर अजून आहेत.
तेही मोजले. सात मीटर.

रकाना अकरा, पाणी.
डोंगराच्या पोटातून पाट येतो, त्याला इथे फलज म्हणतात.
मला तो समजावून सांगावा लागला नाही.
माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी होता,
बारी कुणाची हे तो पाण्याच्या आवाजावरून सांगायचा,
आणि हातात घड्याळ असून
उभ्या फावड्याची सावली बघायचा.
मरहूनची सावली रोवलेल्या काठीची.
रात्री काठी निरुपयोगी, मग तारे :
समोरच्या कड्यावर एक खाच आहे,
तारा तिच्यात आला की एकाचं पाणी थांबतं,
दुसऱ्याचं सुरू होतं.
अर्ध्या तासाच्या वाट्याला अथर म्हणतात.

दर नवव्या रात्री एक अथर नसरा बिन्त हुमैदचा.
ती बोटीत बसली लवंगांच्या सालाच्याही आधी.
पत्र नाही. वारस नाही.
तिच्या वाफ्यात आता लिंबाचा खुंट आहे, आणि बेडूक.
मरहून दगड उचलतो, चिंधी ओढतो, पाणी सोडतो,
बांधावर बसतो.

मशिदीला द्या की, मी म्हटलं. नाहीतर विका,
शुक्रवारी लिलाव होतोच पाण्याचा.
तो चिंधी पिळत होता.
ती आली की विकेल, म्हणाला.

त्या रात्री यंत्र पेटीत ठेवून मी त्याच्याशेजारी बसलो.
पाणी वाफ्यात शिरलं, खुंटाभोवती फिरलं,
कोपऱ्यात थांबलं, जसं एखादं माणूस
रिकाम्या खोलीत शिरून थांबतं.
साक्रीकडे आमच्या नावाची बारी अजून लागते का,
मला ठाऊक नाही.
आधी दुबई, मग सोहार, चौदा वर्षं झाली.
विचारलंही नाही कुणाला,
विचारलं की उत्तर येतं.

तारा खाचेतून सुटला.
मरहूनने दगड जागेवर ठेवला, वरून चिंधी ठोसली.

रकाना सतरा, शेरा.
मस्कतच्या कचेरीला तो एका ओळीत लागतो.
लिहिलं :
रात्री दोन चाळीस ते तीन दहा पाणी चालू होते.
मालकीण हजर नव्हती.