वीस-पन्नास

नव्या पेठेतल्या दुकानात पोरानं
सोनेरी डबा काउंटरवर आपटला.
सिंथेटिक आहे मॅडम, पाच-तीस,
परदेशी गाड्यांत हेच जातं.
मी पैसे दिले.
म्हटलं, आमच्या डुक्कर फियाटीलाही
एकदा भारीतलं काही प्यायला मिळू दे.

एप्रिल होता. पत्रा तापून
बॉनेटवर भाकरी कडक झाली असती.
चौथ्या दिवशी शहाबादी फरशीवर
बशीएवढा डाग. सहाव्या दिवशी परातीएवढा.

इमामसाब नदाफ सायकलवरून आले,
वाकले, मग आडवेच झाले,
आणि गाडीखालून आवाज आला:
गळलालंय की वो ताई, सगळीकडनं गळलालंय.
काय पाजलात हिला?

मी डबा दाखवला.
त्यांनी त्यावरचं काही वाचलं नाही.
फक्त काडी ओढली, थेंब बोटावर घेतला,
अंगठ्यानं चोळला.
पाणी हाय, म्हणाले.

चहा अर्धा झाल्यावर पुढचं बोलले.
नवं तेल धुतं, ताई. लई चांगलं धुतं.
साठ वर्षांची काजळी, मळी, समदं खरवडतं.
पण हिची भोकं त्या मळीनंच बुजली होती.
सील कुठं राहिलंय?
मळीच सील झाली होती.
आणि सुटलेली मळी जाती कुठं?
चाळणीत.

चेंबर खोललं तर खरंच,
चाळणीला काळं लोणी.

तुम्ही राजमल्लू तेलवाल्याची लेक ना,
तुम्हाला मी काय सांगायचं.

नाना गिरणीत तेलवाले होते.
कानात कापूस, हातात लांब नळीची बुधली,
मशिनींच्या रांगांतून आठ तास.
चातीला पातळ, ती भिंगरीसारखी फिरते.
मोठ्या शाफ्टला जाड, त्याच्या खांद्यावर वजन.
पळणाऱ्याला पातळ, वाहणाऱ्याला जाड,
एवढंच त्यांचं शास्त्र, तेलुगूत आणि मराठीत.
थेंब जास्त झाला आणि कापडावर उडाला
तर डागाचा दंड, आठ आणे.

गिरणी बंद पडली तेव्हा
थकलेल्या पगारापोटी मॅनेजरनं ही गाडी दिली.
नानांना चालवता येत नव्हती.
रोज सकाळी अंघोळीच्या आधी
बॉनेट उघडून काडी बघायचे,
पुसायचे, परत बघायचे, बंद करायचे.
आम्ही हसायचो.
कुठंही न जाणाऱ्या गाडीचं तेल
बारा वर्षं कमी झालं नाही.

मिनरल घ्या, इमामसाब म्हणाले. वीस-पन्नास.
आणि जस्त असलेलं बघून घ्या,
हिचा कॅम टॅपेटला अंग घासून चालतो,
मधे जस्ताचा पापुद्रा पाहिजे,
नाहीतर लोखंड लोखंडाला खातं.
मी विचारलं, पन्नास कळलं, ते आपल्या उन्हाचं.
सोलापुरात वीस कशाला लागतो?
संक्रांतीला पहाटे गड्ड्यावर निघालात तर लागंल की.

साधा पत्र्याचा डबा. लेबल वाकडं लागलेलं.
ओतताना तेल मधासारखं पडलं,
घाई नाही, आवाज नाही.
किल्ली फिरवली. लाल दिवा.
एक, दोन, तीन,
चारला विझला.
इमामसाब इंजिनकडं नाही, माझ्याकडं बघत होते,
मी श्वास कधी सोडते ते.

उरलेलं सोनेरी तेल शिलाई मशिनला घातलं.
काय पळते म्हणून सांगू.

गाडी अजून गळते, नाही असं नाही.
रात्री खाली टॉवेलचा तुकडा अंथरते,
किनारीची वीण चुकली म्हणून
कारखान्यानं बाजूला टाकलेला.
सकाळी अंघोळीच्या आधी बघते:
पांढऱ्यावर एकच गोल,
कडेला फिकट, मधे दाट.

आठ आणे, म्हणते,
आणि काडी पुसायला घेते.