एक्केचाळीस किलो सहाशे

जिनिंगचा भोंगा बंद पडून चौदा वर्षं झाली.
जिथे गाठी बांधायचा प्रेस होता
तिथे आता आडवं पडलंय आमचं रॉकेट.
साडेसात मीटर. अर्धंच रंगवलेलं,
ग्रामपंचायतीच्या टाकीचा उरलेला रंग तेवढाच होता.

नोंदवही माझ्याकडे.
शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या मोजल्या, म्हणून.
तारीख, वारा, कोण आलं, काय फुटलं.
‘काय फुटलं’ला आता पुरवणी जोडावी लागते.

मुनाफ वेल्डर सांगतो, उघड्या डोळ्यांनी बघू नका,
आणि स्वतः डोळे किलकिले करून बघतो.
जोड कुठे गळतो
ते साबणाचं पाणी लावायच्या आधीच त्याला समजतं.
छत्री शिवते शेवंता मेश्राम, ब्लाउजच्या मशीनवर.
तिची एकच तक्रार:
एवढं मोठं कापड, अन् काठ नाही.

तिचा नवरा कवडू मोटारी रिवाइंड करतो. हिशेब त्याचा:
“शंभर किलोमीटर म्हणजे काय बाप्पा,
आडवं गेलं त अमरावती.
एसटीनं तीन घंटे.
आपल्याले फक्त उभं जायचं हाय.”

आत एकच माणूस मावतो.
कोण, यावर भांडण झालं नाही. काटा होता.
कापसाच्या जुन्या काट्यावर एकेक जण चढलो.
मुनाफ अठ्ठ्याऐंशी, कवडू सत्तर,
मी चष्म्यासकट त्रेपन्न.
सिंधू उईके लसीकरणाहून परत येत होती,
पेटी खाली ठेवून चढली.
एक्केचाळीस किलो सहाशे.
चप्पल काढायला लावून पुन्हा मोजलं.
“मंग मीच,” ती म्हणाली,
दळण आणायला कोण जातं, असं कुणी विचारल्यासारखं.

मार्चमध्ये तिच्या जागी सरकीचं पोतं बसवलं.
बरोबर तिच्या वजनाचं, पट्टे आवळून.
शेवंतानं त्याला कुंकू लावलं.
नाल्यापलीकडच्या पडीत, सकाळी सहा दहाला.
अकरा सेकंद जाळ.
पुढचं नोंदवहीत नाही,
मी वर बघत होतो.

छत्री अर्धीच उघडली.
दोन एकरांत सरकी पांगली,
कुणाच्या तरी म्हशी दिवसभर ती चघळत फिरल्या.
ट्रॉलीतून परतताना कुणी बोललं नाही.
सिंधूच्या हातात पोत्याचा पट्टा होता.
बकल लावायची,
काढायची,
लावायची.
कवडूनं विचारलं, “भेव वाटते का वं?”
“पोत्याले इचारा.”

आखाडात त्या पडीत पऱ्हाटी उगवली.
म्हशींच्या तोंडून सुटलेली,
ना ओळ, ना तास, जिथे पडली तिथे.
सिंधू मोजून आली: त्रेसष्ट झाडं.
मी कितव्या रकान्यात लिहू?
‘प्रवासी’च्या पुढे लिहून टाकलं.

नवी छत्री मोठी आहे.
हिला शेवंतानं हिरवा काठ लावलाय.
कवडू म्हणाला, वजन वाढते.
शेवंता म्हणाली, चाळीस ग्राम. मोजलं मी.

काल रात्री सराव.
सिंधू आत, गुडघे छातीशी,
झाकणाचे बारा बोल्ट मुनाफनं आवळले.
ठरलं होतं चाळीस मिनिटं:
आतून एक टकटक म्हणजे उघडा,
दोन म्हणजे थांबा.
शेडमध्ये फक्त डास, आणि माझं घड्याळ.
मुनाफच्या हातातला पाना घामानं निसटला,
केवढा आवाज झाला, आम्ही सगळे दचकलो.
आतून काहीच नाही.

चाळिसाव्या मिनिटाला कवडूनं पत्र्यावर बोटानं वाजवलं.
आम्ही कान लावले.

टक.

मुनाफनं पाना उचलला.

टक.

त्यानं पाना परत खाली ठेवला, हळूच.
मी लिहिलं: वारा नाही.