बिनविरोध

शाळेच्या बोर्डावर पुन्हा उभी राहिले
कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.
अर्जाची मुदत सोमवारी चारला संपत होती.
पावणेचारपर्यंत मी धान्याच्या काट्यावर
लोकांचे ट्रक तोलत बसले,
घड्याळाकडे बघत.
मग हात पुसले आणि जाऊन सही केली.

आमच्याकडे, नॉर्थ डकोटात, मतदान जूनमध्ये.
पेरण्या उरकलेल्या असतात, माणसं घरी सापडतात.
बिनविरोध असलं म्हणून काय,
तोंड दाखवायला हवं.
दारोदार गेले. कुत्री ओळखीची होती.

व्हेर्ना टॉफ्टेने रुबार्बचा केक कापला
आणि कॅझचं नाव काढलं नाही.
न काढण्याची तिची एक पद्धत आहे,
बशी जरा जोरात ठेवते.
लिंडालांचा धाकटा ट्रॅक्टरखालूनच बोलला,
"देईन की मत. दुसरं आहेच कोण?"
याहून खरं प्रचाराचं वाक्य
मला सुचलं नसतं.

मार्चमध्ये आम्ही कॅझला कमी केलं होतं.
बत्तीस हिवाळे त्याने शाळेचा बॉयलर सांभाळला.
चार विरुद्ध एक.
तो एक मी नव्हते.
त्र्याऐंशी मुलं, बालवर्गापासून बारावीपर्यंत,
एक छप्पर, तेही गळकं,
आणि पैसे एवढेच, की
एक तर कॅझ, नाहीतर बँड.
आम्ही ट्रॉम्बोन ठेवले.

मतदान लुथरन चर्चच्या तळघरात.
कॉफीचं मोठं पातेलं, घडीची टेबलं.
मतपत्रिकेवर माझं नाव, आर्डिस न्यूगार्ड,
आणि खाली एक रिकामी ओळ:
वाटल्यास कुणाचंही नाव लिहा.
कॅझ दुपारी आला. टोपी काढली.
पेन्सिल मागितली, पेन नको म्हणाला.
जाताना माझ्याकडे बघून मान हलवली,
नेहमीसारखीच. तेच लागलं.

रात्री नऊला मार्लिस मोठ्याने वाचायला बसली.
आर्डिस. आर्डिस. कॅझ. आर्डिस.
कॅझ पी. बॉयलरवाला कॅझ. आर्डिस.
नुसतंच "तो".
कॅझ प्रिबिल… पुढे खोडलेलं.
माझी चौसष्ट. त्याची एकोणसाठ,
सतरा तऱ्हांनी लिहिलेली,
कारण गावाने त्याला जन्मभर हाक मारली,
लिहायची वेळ कधी आली नव्हती.

एका कागदावर मात्र
कॅसिमिर प्शिबिल्स्की,
अक्षर न् अक्षर बरोबर.
"हे कुणाला आलं?" मार्लिस म्हणाली,
आणि माझ्याकडे बघितलं नाही,
इतक्या काळजीने बघितलं नाही
की मी कॉफी ओतायला उठले.
कामावरून काढल्याचं ते पत्र मी टाइप केलं होतं.
स्पेलिंग तीनदा तपासलं होतं.
निदान तेवढं तरी चुकू नये.

जुलैत शपथ झाली. टाळ्या पाच जणांच्या,
त्यातली एक माझ्या नवऱ्याची, उशिरा.

डिसेंबरात पारा उणे वीसच्या खाली उतरला
आणि बॉयलर ओरडायला लागला.
नवा माणूस कंत्राटी, नव्वद मैलांवर, फोन बंद.
कोट चढवून मीच तळघरात उतरले.
भिंतीवर पेन्सिलने वर्षावर्षांच्या नोंदी,
कुठे तारीख, कुठे शिवी,
एके ठिकाणी मुलीच्या लग्नाचा खर्च.
आणि झडपांच्या वर:
"मारू नये. बोलावं."

काय बोलणार?
मी त्याला फोन लावला.
तिसऱ्या रिंगला त्याने उचलला.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
"ऐकू येतंय मला. डावीकडची. पाव फेरा."
आणि ठेवून दिला.

घाईत मी अर्धा फिरवला.
मग हळूच
पाव मागे आणला.