स्थानिक

रॉटरडॅमचं पत्र सव्वा मिनिटात आलं.
पारादीपचं आलं, भावनगरचंही.
फक्त फिलोमेनाबाईंची पत्रं
भिंतीपलीकडे बसलेल्या शिरोडकरांना मिळेनात.

बेतीच्या धक्क्यावरचं आमचं ऑफिस, बार्ज-दुरुस्तीचं.
खाली वेल्डिंगच्या ठिणग्या, वर आम्ही अकराजण.
जिन्याखालच्या कपाटात जुना सर्व्हर,
खारं वारं खाऊन स्क्रू गंजलेले,
पंखा ओहोटीतल्या फेरीबोटीसारखा धापा टाकणारा.
नवा पुण्यात कुठेतरी. मी त्याला पाहिलेलं नाही.

शनिवारी रात्री मी जगाला कळवलं:
आमचा पत्ता बदलला, यापुढे तिकडे.
जगानं निमूट ऐकलं.
दहाजणांना नवी पेटी दिली, नवा पासवर्ड दिला.
फिलोमेनाबाई म्हणाल्या, मार्चअखेर आहे बाय,
एक एप्रिलपर्यंत माझ्या मशीनला बोट लावू नकोस.
नाही लावलं.

गुरुवारी संध्याकाळी नोंदी उघडून बसले.
प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द:
पोचलं.
पोचलं.
पोचलं.
यंत्र खोटं बोलत नव्हतं.
शिरोडकरांच्या नावाची पेटी त्याच्याकडे होती,
नाव घरचं, आडनाव घरचं,
मग बाहेर कशाला विचारायचं?
उचललं आणि ठेवलं, त्याच पेटीत,
जिच्याकडे चार दिवस कुणी फिरकलं नव्हतं.

साळगावात आमच्या शेजारचे ब्रागांझा स्विंडनला गेले,
दाराला सात वर्षं कुलूप.
पण सांतान पोस्टमन सायकल टेकवून निदान हाक मारतो,
'कोण आसा गे?'
आणि उत्तर नाही आलं की पाकीट परत पिशवीत टाकतो.
आमच्या यंत्राला ही हाक कुणी शिकवलीच नव्हती.
म्हणजे मीच.

मी मजकूर वाचत नाही. विषय तेवढे दिसतात.
गॅस्केटचं बिल.
गॅस्केटचं बिल, स्मरण.
बिल!!
शिरोडकर?
रागावलात का
आणि बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नुसतं:
बरं.

आता आठवलं, मंगळवारपासून
दोघांचे चहाचे कप वेगवेगळ्या वेळी धुतले जात होते.

जुन्या यंत्राच्या फाइलीत अकरा नावं, एकाखाली एक,
वर लिहिलेलं: स्थानिक.
मी एकेक खोडत गेले. केणी. नास्नोडकर. आल्वारिस.
माझं स्वतःचं खोडताना उगाच क्षणभर थांबले,
जणू रेशनकार्डावरून जातंय.
शिरोडकरांचं दहावं.
खाली एक ओळ नवी:
जो इथं नाही, त्याचं पत्र पुण्याला धाड.
अकरावं नाव तसंच ठेवलं.

म्हणजे आता भिंतीच्या या अंगाचा कागद
बेतीहून निघणार, अख्खा सह्याद्री चढून पुण्याला जाणार,
आणि तिथून उतरून भिंतीच्या त्या अंगाला येणार.
काखेत कळसा असेलही,
पण तो सापडायचा तर गावाला वळसा हवाच.

मग अडकलेली सगळी पत्रं एकदम सोडली.
शिरोडकरांचा फोन टेबलावर थरथरत चष्म्यापर्यंत सरकला.
ते वाचत राहिले. बराच वेळ.
एकदा चष्मा पुसला, ते धुळीमुळेही असेल.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि फिलोमेनाबाईंचा, जो सबंध धक्क्याला ऐकू गेला:
'शिरोडकर, पावलें मरे?'
'पावलें!'
सर्व्हरशिवाय, पुण्याशिवाय,
पाव सेकंदात.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं:
स्थानिक वाटप दुरुस्त. शिल्लक पेटी एक.
तोवर जिन्याखाली पंखा चालू राहील,
एका बाईपुरता.