सुपडू, सापडू

शोधपट्टीत वडिलांचं नाव टाकलं
की ती नम्रपणे विचारते, तुम्हाला
‘सापडू’ असं म्हणायचं आहे का?

हो बाई, तेच म्हणायचं आहे.

चोपड्यात, यावल रस्त्याला, टायरवाल्याच्या बोळात
सुपडू धोंडू बडगुजर, मोटार वाइंडिंग वर्क्स.
एकतीस वर्षं एकाच गाळ्यात.
केळीच्या ट्रकवाल्याला विचारा, तो सांगेल,
व्हार्निशचा वास आला की वळा.
वास साइटवर चढवता येत नाही.
मी दिवाळीत साइट केली
आणि पोळ्यापर्यंत चौथ्या पानावर होतो,
जिथं माणूस फक्त वाट चुकून येतो.

नाशिकचा प्रफुल्ल म्हणाला, व्हिडिओ टाक.
लोक थांबले की मशीनला कळतं
इथं काहीतरी आहे.
थांबले पाहिजेत पण.

मी चाळीस सेकंदांचा केला. खाली तबला,
वर सोनेरी अक्षरांत अण्णांचं नाव, फिरत येणारं.
सरासरी थांबले सहा सेकंद.
सहा सेकंदांत आमच्याकडे
चहाला नाहीसुद्धा म्हणून होत नाही.

मग एका दुपारी फोन डब्याला टेकवून ठेवला
आणि विसरले. तेही विसरले.
जळकी तार ओढून काढली त्यांनी, काळी, केसांसारखी.
खाचांत कागद सरकवला, वर बांबूची काडी.
तांब्याची नवी तार साच्यावर घेतली
आणि मोजायला लागले, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं:
एक, दोन, तीन.
अकरा मिनिटं. मी कापणार होते.
कापायचं कुठून तेच कळेना.

फुई आली होती त्या दिवशी धरणगावहून.
स्क्रीनवर भावाचं नाव बघून तिनं बोट ठेवलं त्यावर,
झाकलंच म्हणा.
‘नाव नको लिखू, पोरी. त्याले लपाडेल शे.’

अण्णांच्या आधीची दोन गेली होती, सहा महिन्यांची होण्याआधी.
म्हणून हे जन्मले तेव्हा सुपात घालून
उंबऱ्याबाहेर नेलं, पसाभर दादर देऊन परत घेतलं,
आणि असं नाव ठेवलं
की शोधत आलेल्याला वाटावं
हे कोणाचं नाही, टाकाऊ काही.
सूप धरणारी फुईच, सतरा वर्षांची.

आता तिला कसं सांगू
की हल्ली न सापडणं हेच मरण आहे?
नाही सांगितलं.
नाव खोडलं.
मथळ्याची चौकट रिकामी, आत काडी लुकलुकते.
काय लिहू?
समोर एक शेतकरी मोटार खाली ठेवत होता.
‘गुंगुं करस,’ म्हणाला, ‘पन फिरत नही.’
तेच लिहिलं, जसंच्या तसं.
खाली अण्णांचे सगळे बोल टंकले, आकड्यांसकट.

बाहेर लोक असंच विचारत होते म्हणे,
रात्री दीडला, विहिरीच्या काठावर, एका अंगठ्यानं.
‘स्टेटर रिवाइंडिंग’ कोणी विचारतच नव्हतं.
आले, आणि थांबले.
मोजणी मध्येच सोडून जाता येत नाही माणसाला.
रावेरहून एकाचा फोन:
मिस्तरी, तुम्ही सत्तेचाळीस दोनदा म्हणालात.
अण्णांनी मला व्हिडिओ लावायला सांगितला,
चष्मा लावून ऐकला.
खरंच दोनदा.
ती मोटार शिरपूरकडच्या कोणाची तरी होती, चालूही होती.
तरी बोलावून घेतली. पुन्हा उकलली.
त्याचा व्हिडिओ नाही.

काल विचारलं त्यांनी, तार ओढता ओढता,
कितव्या नंबरला आपण?
तिसऱ्या, पहिल्याच पानावर.
वर दोन आहेत, जळगावचे, मोठे.

‘असू दे,’ म्हणाले,
‘माझ्या वर दोन होतेच.’

मग जरा थांबून, मला नाही, तारेला:
एकोणीस.
वीस.