तुम्हीच का

पिच म्हणतात इथे त्याला.
मला आधी बावीस यार्डच आठवले,
आश्रमशाळेमागची मुरमाची पट्टी
आणि स्टंप म्हणून उभी केलेली दप्तरं.
मग कळलं, अडीचशे शब्दांत सांगायचं:
गोष्ट काय, आत्ताच का,
आणि तुम्हीच का.

मासिक डुलुथचंच. लाँड्रीच्या वरचा मजला.
खाली ड्रायर फिरतात, वर टेबलं थरथरतात.
दारावर नाव आधी ओजिब्वेत, खाली बारीक इंग्रजीत.
संपादक लोरेन हूल,
चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारी.

पहिलं पिच मी सरोवरावर केलं.
डायलिसिसची रात्रपाळी संपवून घरी जाताना दिसतं ते,
लोहखनिजाची जहाजं, वर उचलला जाणारा पूल,
छातीत शिरणारा भोंगा.
उत्तर आलं:
"छान आहे. पण सरोवरावर लिहिणारे आमच्याकडे आहेत.
इथेच जन्मलेले. त्यांचंच अजून छापून व्हायचंय."

दुसऱ्यात मी धरण घातलं.
हेक्टर, कुटुंबं, शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक.
"हा अहवाल झाला," ती म्हणाली,
"यात कुणी जेवत नाही."

अर्जात एक रकाना होता: तुमचा समुदाय.
लिहिलं, कोकणा.
आणि हात तिथेच थांबला.
आता काय जोडायचं?
जातपडताळणीच्या खिडकीशी अकरा खेपा घातलेला हात तो,
आजाचा शाळेचा दाखला, पणजाची महसुली नोंद,
साक्षांकित प्रती, तीन संच.
नाशिकच्या होस्टेलात मात्र पाच वर्षं
मी नुसती "तिकडची" होते,
कुणी विचारलंच तर "डोंगराकडची".
मी फोन करून विचारलंच, झेरॉक्स लागेल का?
लोरेन गप्प. ड्रायर ऐकू येत राहिला.
"आम्हाला रक्ताचे अपूर्णांक विचारतात," ती म्हणाली,
"एक चतुर्थांश, तीन अष्टमांश.
मी गणितात नापास झालेले.
तू फक्त नाव लिही."

तिसरं पिच सोनू मामाचं.
काशाची थाळी, मधोमध मेणाने उभी केलेली काडी,
ती दोन बोटांनी ओढत राहायची.
घूं असा आवाज निघतो, त्यावर कथा चालते
कोंबडं आरवेपर्यंत.
लहानपणी मी नेहमी अर्ध्यात झोपायचे.
शेवट मला ठाऊक नाही,
हेही लिहिलं.
"तुम्हीच का" पुढची जागा कोरी गेली.

लोरेनचा एकच प्रश्न: "त्यांना विचारलंस?"

मामाला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ.
"आता? नागली उभी हाय की शेतात.
उभ्या पिकात ती कथा लावत नाय, पोरी.
खळं होऊं दे."
ऑगस्ट होता. अंक ऑक्टोबरचा.
मी चाचरत कळवलं, माफी मागत,
आमच्याकडे असं असतं म्हणून.
"आमच्याकडेही असतं," ती म्हणाली.
"काही गोष्टी बर्फ पडेपर्यंत तोंडातून काढायच्या नसतात.
जानेवारीत चार पानं ठेवते.
तोवर झोपू नकोस."

रात्री मामाचा मिसकॉल.
"पैसं देतात का ती लोकं?"
शब्दाला साठ सेंट, मी म्हटलं. पन्नासेक रुपये.
तो बराच वेळ मोजत राहिला.
टाकी भरून वाहत होती, कुणीतरी ओरडत होतं.
"शब्दाला," तो म्हणाला. "बरं.
अन् थाळीला?
निम्मी रात तीच तर बोलते."

दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं लोरेनला विचारलं.
ती हसली.
मग हसायची थांबली,
चष्मा शोधला, कपाळावरच सापडला,
आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर
प्रश्न लिहून घेतला.