दोन ते तीनच्या मधे

सिस्टर लिसम्मा बोट टोचते,
थेंब पट्टीवर घेते. मशीन विचार करतं.
खिडकीबाहेर सूरच्या खाडीत ओहोटी,
जुनी गलबतं चिखलात एका कुशीवर कलंडलेली.

एक पूर्णांक सहा.
मागच्या खेपेला तीन पूर्णांक नऊ.
पिवळी वही चाळत ती विचारते,
"चाचा, क्या खाया?"

काय सांगू?
नासिरच्या घरून जरजीरच्या जुड्या आल्या,
चार दिवस खाल्ल्या, मीठलिंबू लावून.
या उघड्याबोडक्या डोंगरांत
हिरवं दिसलं की हात थांबत नाही, बाई.
त्याआधी दाढ ठणकत होती,
कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणल्या,
सकाळी उशीवर लाल डाग.
त्याआधी रमजान, वर्कशॉप रात्रीचं,
संध्याकाळची गोळी कधी पहाटे,
कधी बहुतेक दोनदा.

मी फिटर. एकतीस वर्षं बोटींची डिझेल इंजिनं.
मला रेंज शिकवावी लागत नाही.
व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजची पाती
अडत अडत सरकली पाहिजे,
ढिली नको, घट्ट नको.
छातीतलं इंजिन मिसिंग मारतंय
हे डॉक्टरच्या आधी मीच ओळखलं होतं,
मनगटावर बोट ठेवून:
दोन ठोके, गप्प,
मग तीन एकदम, शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे.

पण इंजिनाच्या तेलाचा ग्रेड डब्यावर छापलेला असतो.
रक्ताचा रोज बदलतो.
दाट झालं तर गुठळी.
आमच्या खोलीतला मजीद मुकादम
चहाचा कप धरताधरता
उजवीकडून बंद पडला.
पातळ झालं तर आतल्या आत पाझर,
आणि तिथे गॅस्केट बदलायला पाना पोचत नाही.

सिस्टरने सहा महिन्यांचे आकडे मांडले.
"एकेचाळीस टक्के दिवस रेंजमध्ये.
पासष्टच्या वर पाहिजेत, चाचा."
रागावली नव्हती. तिची पोरं कोट्टयमला असतात.

रात्री वहीच्या शेवटच्या पानावर
मी माझा हिशोब घातला:
एकतीस वर्षं, दोन वर्षांनी एकदा हर्णै,
दर खेपेला पंचेचाळीस दिवस,
आई गेली तेव्हाचे आठ वेगळे.
सहा टक्के.
दोनदा ताडून पाहिला. सहाच.

फोनवर उर्मिला विचारते, काय म्हणाले?
थोडं कमी आहे, म्हणालो.
काय कमी?
मी म्हणालो, आकडा.

आजपासून एक गुलाबी, एक तपकिरी.
पुढच्या मंगळवारी परत बोट.
जरजीर सोडू नका, म्हणाली सिस्टर,
रोज खा, पण रोज एवढंच,
आणि मूठ मिटून दाखवली.
तिची मूठ लहान.
मी ताटलीवर माझी धरून बघतो,
दोन पानं काढून ठेवतो.